हातभर दुमड

मी पडदा बोलतोय, खिडकीचा. आमचं काम झाकायचं, सांगायचं नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. पण सोळा वर्षं मी एका कुटुंबाच्या आणि रस्त्याच्या मधे उभा राहिलो. एवढी वर्षं उभं राहिल्यावर थोडं बोलायचा हक्क मिळत असेल, तर तो मी आज वापरून घेतो.

माझं एक अंग रस्त्याकडे असायचं आणि एक घराकडे. रस्त्याकडचं उन्हानं पार विटलं, घराकडचं अजून बरंच तजेलदार आहे. रंग विटकरी. ज्यांच्या मालकीची एक वीट नाही त्यांच्या घरात विटकरी पडदा, हा विनोद माझ्या मालकिणीच्या नवऱ्यानं पहिल्याच दिवशी केला आणि पुढे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवला. पाहुणे हसायचे. ती मात्र दुसऱ्या वेळेपासून हसायची थांबली.

कापडाच्या दुकानात मी एका ताक्याचा उरलेला तुकडा होतो. सगळ्यात वरच्या फळीवर दोन वर्षं धूळ खात पडलो होतो. एक दिवस ती आली. लग्नाला पंधरा दिवस झालेले, नवी जागा मिळालेली. तिनं भाव विचारला नाही. मला उजेडात धरलं, आडवं ताणलं, उभं ताणलं, एक धागा ओढून बघितला.

"ताई, तुम्ही शिवता वाटतं?" दुकानदार म्हणाला.

"बाबा शिवतात. मी उसवते," ती म्हणाली. "आमच्याकडे आधी उसवायला शिकवतात."

हे अगदी खरं होतं. तिचे बाबा शिंपी, गिऱ्हाइकं त्यांना मास्तर म्हणायची. त्यांच्या मोठ्या टेबलावर तिनं मला पसरलं आणि खिडकीची उंची सांगितली. मास्तरांनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"ही झाली या खिडकीची. पुढच्या खिडकीची किती?"

"पुढची कुठली, बाबा?"

"भाड्याची जागा आहे ना? मग पुढची खिडकी येणारच."

आणि त्यांनी माझ्या खालच्या बाजूला हातभर कापड आत दुमडलं. ही त्यांच्या घरातली शिवायची रीत होती. स्वतःच्या घराचा पडदा असेल तर चार बोटं दुमड आणि वर मशीनची पक्की टीप. भाड्याच्या घराचा असेल तर हातभर दुमड, आणि ती हाताच्या धावदोऱ्यानं घालायची, म्हणजे घर बदललं की एका ओढीत उसवता येते. तिनं दोरा ओवला आणि माझी दुमड घातली. माझा जन्म तो.

तिचा नवरा रंगारी. घरं रंगवायची, आतून-बाहेरून, सांगाल तशी. कामावरून आला की भुवईत कुठेतरी पांढरा ठिपका राहिलेला असायचा. कोणाच्याही घरी गेला तरी आधी भिंतीकडे बघणार, मग माणसांकडे. "भेगेत लांबी नीट भरली नाही बघ इथं," असं तो यजमानांसमोरच कुजबुजायचा आणि तिची कोपरखळी खायचा.

संध्याकाळी दोघं फिरायला जायची. परत आल्यावरची त्यांची बडबड मी ऐकायचो. ती म्हणायची, "तो कोपऱ्यावरचा दुसरा मजला भाड्याचा आहे. पडदा खाली किती जड पडलाय बघितलंस?" तो म्हणायचा, "आणि शेजारचे निघाले बरं का. भिंतीला रंगाचा नवा हात दिलाय, माणूस गेल्याशिवाय कोण देतं?" ती पडद्यांवरून घर ओळखायची, तो भिंतींवरून. दोघांचा खेळच होता तो. अख्ख्या रस्त्याची बिऱ्हाडं या दोघांना पाठ होती.

पहिलं घर एका खोलीचं. तिथं माझी सगळी दुमड आत होती आणि माझ्या खालच्या कडेला एवढं वजन होतं की वारा आला तरी मी जागचा हलायचो नाही. दोन वर्षांनी घर बदललं. दुसऱ्या घराची खिडकी जवळजवळ गुडघ्यापर्यंत उतरलेली.

"कसं वाटतंय घर?" त्यानं विचारलं.

"चालेल," ती म्हणाली, आणि कात्रीचं टोक माझ्या धावदोऱ्यात घालून तिनं सगळी दुमड उसवली. आत लपलेलं माझं कापड पहिल्यांदा उजेडात आलं. ते वरच्यापेक्षा गडद होतं, त्यामुळे माझ्यावर एक आडवी रेघ उमटली. घर बदललं की एक रेघ, असं ते पुढे होत गेलं.

त्या दुसऱ्या घरात त्यांना मुलगी झाली. नाव चांगलं ठेवलं होतं, पण रांगायला लागल्यापासून सगळे तिला ठमीच म्हणायला लागले. ठमीनं मला काय काय करायला लावलं! लपायला मी, तोंड पुसायला मी, रुसून बसायला मी. ती माझ्या मागे लपली की खालून तिची दहाही बोटं दिसायची आणि आईबाप अख्खं घर धुंडाळायचे. "ठमी कुठाय? ठमी हरवली वाटतं! आता नवी आणायला लागणार!" मग माझ्या आतून खुदखुद. तीन वर्षांची झाल्यावर तिला मेणाचे खडू मिळाले आणि माझ्या खालची भिंत तिनं माणसांनी भरून टाकली. सगळी माणसं बटाट्यासारखी, पण कोण कुठलं ते तिला बरोबर सांगता यायचं. मला ते घर सगळ्यात जास्त आठवतं. आज मी कितीही रंगानं माखलेलो असलो तरी त्या दहा बोटांची चुळबुळ मला माझ्या घड्यांत अजून जाणवते.

तिथल्या मालकांनी जागा सोडायला सांगितलं. तिसरं घर ओलीचं. मालक महिन्यातून एकदा येऊन भिंतीवरचे खिळे मोजायचा आणि एखादा जास्त निघाला तर चोर सापडल्यासारखा बघायचा. माझ्या पाठीवर काळी बुरशी चढली. "कसं आहे घर?" असं नवऱ्यानं विचारलं, तेव्हाही ती "चालेल" म्हणाली होती. अकरा महिन्यांत सगळी तिथून निघाली, ठमीचा खोकला कसाबसा थांबवून.

मग चौथं घर. तळमजला, कोपऱ्यावरचा. खिडकी उंच आणि उभी, सकाळपासून दिवे लागेपर्यंत ऊन आत. तिनं तिथं पाऊल ठेवलं आणि आधी मशीनची जागा ठरवली, मग चुलीची. खिडकीशी मशीन, मशीनशी ती, आणि आठवड्याभरात बाहेर गिऱ्हाइकांच्या चपला. शाळेचे गणवेश, सैल झालेल्या विजारी, आखूड झालेले फ्रॉक. मालकीणबाई वरच्या मजल्यावर राहायच्या. इस्पितळात परिचारिका होत्या, निवृत्त झालेल्या. त्या जिन्यावरूनच ओरडायच्या, "ठमे, वर ये गं, डोळ्यात थेंब घाल माझ्या!" ठमी एका वेळी दोन पायऱ्या गाळून वर जायची. त्या घरी तिनं "चालेल" म्हटलं तेव्हा ती हसत होती, हे मी नीट पाहिलं.

तीन वर्षं अशी छान गेली, आणि मग घरात एक प्रश्न शिरला.

नवऱ्याच्या दादांनी घर घेतलं. त्यांच्याकडे जेवून आल्यावर तो दोन दिवस आमच्या भिंतींवरून बोट फिरवत होता. मग सासूबाईंचा फोन. मग लग्नकार्यात कोणी ना कोणी, "तुमचं स्वतःचं कधी?" असं विचारायचं. जणू काही आतापर्यंतची घरं परक्याची होती आणि त्यात राहिलेली माणसं उसनी. घरात गुळगुळीत कागद यायला लागले, उंच इमारतींची चित्रं असलेले. तो ते मशीनवर पसरायचा आणि तिला कापड सरकवून बसावं लागायचं.

"भाडं दिलं की गेलं," तो म्हणायचा. "हप्ता दिला तर निदान भिंत तरी आपली होते."

"हो," ती म्हणायची.

"वीस वर्षांनी म्हातारपणी कुठे खिडक्या मोजत फिरणार?"

"तेही खरंच."

एका रविवारी दोघं नमुना घर बघायला गेली. मला पिशवीत घालून नेलं होतं, कारण नव्या खिडकीचं माप ती टेपनं घेत नसे, मलाच लावून बघत असे. शहराच्या पार टोकाला, सातवा मजला. टाय घातलेला एक माणूस त्यांना खोल्या दाखवत होता. दिवाणखान्यात एक भिंतभर पडदा होता, रेशमी, पायघोळ. मी पिशवीतून बघून जरा खट्टू झालो. तिनं सवयीनं त्याची कड उचलून दुमड बघितली, मग तो बाजूला सारला.

मागे भिंत होती. खिडकीच नव्हती.

"तो शोभेसाठी आहे, मॅडम," टायवाला हसून म्हणाला. "मोकळं मोकळं वाटतं ना?"

पडदा आहे आणि खिडकी नाही, हे माझ्या उभ्या जन्मात मी पाहिलं नव्हतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं भिंतीवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "रंग मात्र चांगला लावलाय." खरी खिडकी आतल्या खोलीत होती, चौकोनी, छोटी, समोरच्या इमारतीच्या पाइपांकडे तोंड केलेली. तिनं मला तिथं लावून माप घेतलं. परत येताना बस बदलायला लागली, तीही दोनदा.

"कसं वाटलं?" बसमध्ये त्यानं विचारलं.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. "चालेल," ती म्हणाली.

आठवड्यानंतरच्या सोमवारी सही करायची ठरली. त्या आठवड्यात तो शीळ घालत कामाला जायचा. ठमीला विचारायचा, "तुझ्या खोलीला कुठला रंग देऊ? बोल!" ठमी दर दिवशी नवा रंग सांगायची.

शुक्रवारी दुपारी घरात ती एकटी होती. तिनं मला खाली काढलं, जमिनीवर पसरलं. मला वाटलं, धुवायला. तिनं खडूनं माझ्यावर एक आडवी रेघ ओढली, मोठी कात्री घेतली आणि एका हातात मला धरून त्या रेघेवरून सरळ कापत गेली.

इतक्या घरांत माझे टाके उसवले गेले, पण कात्री कधी लागली नव्हती. माझ्या तिन्ही रेघा त्या कापलेल्या पट्टीत गेल्या. उरलेल्या कडेला तिनं चार बोटं दुमडली आणि मशीनची पक्की टीप मारली. मग मला परत वर लावलं. नव्या घराच्या छोट्या खिडकीसाठी मी बरोबर झालो होतो, पण या उंच खिडकीत मी अर्ध्यावरच संपलो. माझ्या खालून ऊन आत शिरलं आणि जमिनीवर लांबलचक पडून राहिलं. पट्टी तिनं कोपऱ्यात ठेवली. शाळेतून आल्यावर ठमीनं ती बाहुलीला पांघरूण म्हणून घेतली आणि खेळायला गेली.

त्या दिवशी रंगाच्या बादल्या वेळेवर आल्या नाहीत म्हणून तो लवकर घरी आला. दारातच थांबला.

"हा आखूड कसा झाला?"

"नव्या घराच्या मापाचा केला," ती मशीनवरून न उठता म्हणाली.

"अगं, पण सही सोमवारी आहे! तोवर हाताच्या टाक्यांनी दुमडून ठेवायचा की."

"स्वतःच्या घराच्या पडद्याला तसली दुमड ठेवत नाहीत. चार बोटं ठेवलीत."

तो पुढे आला. त्यानं माझी कड उचलली, टिपेवरून अंगठा फिरवला. मास्तरांची रीत त्यालाही ठाऊक होती, इतक्या संध्याकाळी ऐकून ऐकून. मग त्यानं तिच्याकडे बघितलं. ती एका गणवेशाची बाही उलटीच जोडत होती.

"रडतेस का?"

"नाही. डोळ्यात धागा गेला."

"डोळ्यात धागा जातो होय? खरं सांग."

"काय सांगू? तू ठरवलंस, मी चालेल म्हणाले."

"आपण ठरवलं."

"नाही रे. तू ठरवलंस, मी चालेल म्हणाले." तिनं बाही खाली ठेवली. "पहिल्या घराला चालेल म्हणाले. दुसऱ्याला म्हणाले. त्या ओलीच्या घराला म्हणाले आणि पोरगी वर्षभर खोकली. तुला कधी वाटलं नाही का, की एका बाईला दर वेळी सगळंच कसं काय चालतं?"



"मला ते घर नको," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण शब्द न् शब्द ऐकू आला. "त्या खिडकीत मला सुईत दोरा ओवता यायचा नाही. इथल्या बायका दोन बस बदलून विजार आखूड करायला यायच्या नाहीत. तू अंधारात निघणार, अंधारात येणार. घर आपलं होईल, आणि घरात असेल कोण?"

"मला वाटलं तुला आवडलं. तू माप घेतलंस."

"माप मी सगळ्यांचंच घेते. धंदाच आहे माझा."

तो खाली बसला, जिथं ऊन पडलं होतं तिथंच. बराच वेळ तो हातावरचा वाळलेला रंग नखानं खरवडत राहिला.

"मला घर का हवंय, ते तू कधी विचारलं नाहीस," तो म्हणाला.

"आता विचारते. का हवंय?"

"आपण दुसरं घर सोडलं ना, त्याच्या चौथ्या दिवशी मुकादमानं कामाची चिठ्ठी दिली. पत्ता वाचला, तर आपलाच. मालकांनी नव्या भाडेकरूंसाठी रंगकाम काढलं होतं." तो थांबला. "खिडकीखाली ठमीनं काढलं होतं, आठवतं? शिडीवरचा मी. हातात बादली, डोक्यावर कागदाची टोपी."

"आठवतं."

"मेणाचा खडू सहजी झाकत नाही. पहिला हात दिला, चित्र वर आलं. दुसरा दिला, तरी टोपी दिसत होती. मुकादम म्हणाला, अरे आधी घासून घे, शिकवायला हवं का तुला? मग पॉलिश पेपर घेतला आणि घासलं. मीच. आधी टोपी गेली, मग शिडी. तिसऱ्या हाताला भिंत एकदम कोरी झाली, जणू आपण तिथं कधी राहिलोच नव्हतो."

"मला बोलला नाहीस."

"काय बोलणार? रोजचंच तर काम ते. पण तेव्हापासून डोक्यात बसलंय, एक भिंत अशी हवी की तिच्यावर हात मारायला दुसरं कोणी येणार नाही."

ती उठली, मला दांडीवरून खाली ओढलं आणि त्याच्याजवळ जमिनीवर येऊन बसली. तिच्या हाताशी मी होतो, म्हणजे माझी ती नवी, टीप मारलेली कड. तिनं त्या कडेनंच आधी स्वतःचे डोळे पुसले आणि मग त्याचे. आयुष्यात माझा बऱ्याच कामांना उपयोग झाला, पण त्या कामाचा मला अजून अभिमान आहे.

"घर घेऊ आपण," ती म्हणाली. "पण हे नको. पुढचं दोघं मिळून बघू. आणि मला नाही आवडलं तर मी नाही म्हणणार."

"म्हण."

"आत्ता म्हणून बघू?"

"बघ."

"नाही."

"जरा मोठ्यानं."

"नाही! नाही! नाही!" आणि मग ती हसायला लागली, नाक लाल झालेलं, आणि तोही.

तेवढ्यात बाहुली काखेत मारून ठमी आत आली. तिच्या बापाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं तिच्या दप्तरातून खडूंची डबी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"ठमे, हे घे. त्या खिडकीखालच्या भिंतीवर काढ काय हवं ते. मालकीणबाईंना मी सांगतो. पुसणार नाही कोणी."

ठमीनं आधी भिंतीकडे बघितलं, मग बापाकडे, मग आईला हळूच विचारलं, "बाबाला ताप आलाय का?" आणि बाबाला समजावल्यासारखं म्हणाली, "बाबा, भिंतीवर लहान मुलं काढतात. मी आता दुसरीत आहे."

तो हसला. पण डबी परत दप्तरात ठेवायला त्याला जरा वेळ लागला.

सोमवारी त्यानं टायवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं. "साहेब, कारण तरी सांगा," असं पलीकडून ऐकू येत होतं. "बायको नाही म्हणाली," तो म्हणाला. वाक्यात लाज नव्हती, उलट थोडा तोरा होता.

बाहुलीच्या अंगावरची पट्टी बऱ्याच वाटाघाटींनंतर परत मिळाली. ती तिनं मला जोडली. माझ्या मधोमध तो जोड कायम दिसत राहिला. रस्त्यानं जाणाऱ्या शिंप्यांनी नावं ठेवली असतील, पण मला त्याची कधी लाज वाटली नाही.

मग रविवारी घरं बघायची टूम निघाली. आता मी पिशवीत, ठमी पुढे, ही दोघं मागे. पहिल्या वर्षी आठ-दहा बघितली. कुठे तिनं नाही म्हटलं, कुठे त्यानं, एकदा तर ठमीनं, कारण तिथल्या जिन्याला पायऱ्या कमी होत्या. दुसऱ्या वर्षी तीन बघितली. पुढे रविवारी दुसरं काहीतरी निघायला लागलं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत मी पिशवीत गेलेलो नाही. नातेवाइकांचं "तुमचं स्वतःचं कधी?" चालूच होतं. ती सुईत दोरा ओवत म्हणायची, "शोधतोय की. अजून आवडलं नाही." 

अशी आणखी सहा वर्षं आम्ही त्याच कोपऱ्यावर राहिलो. मग मालकीणबाईंचे गुडघे गेले. जिना चढवेना. त्यांना तळमजल्यावर यावं लागणार होतं. सांगताना त्याच रडल्या आणि हिनंच त्यांना समजावलं. नवं घर शोधायला दलाल आला, तो सवयीनं नवऱ्याशी बोलायला लागला. नवऱ्यानं अंगठ्यानं तिच्याकडे खूण केली. पहिल्या घराला ती नाही म्हणाली. दुसऱ्या घराला नाही म्हणाली. सोळा वर्षांत तिच्या तोंडून घराला मिळालेले सगळ्यात सरळ नकार होते ते. तिसऱ्या घरात भिंतभर खिडकी होती. ती मधोमध उभी राहिली, स्वतःभोवती एकदा फिरली आणि म्हणाली, "हे." चालेल नाही. "हे."

त्या खिडकीला मी पुरणार नव्हतो, जोड देऊन, ताणून, कसाही. तिनं मला एकदाच लावून बघितलं आणि दोन्ही बाजूंनी उरलेला उजेड बघून हसली. नवं कापड आणलं, निळं. त्यालाही हातभर दुमड सोडली, धावदोऱ्यानं. मला वाईट वाटलं हे मी लपवत नाही. वाटणारच. पण उजेडासाठीच माझी जागा गेली, हे एवढं मात्र मला पटलं.

"याचं काय करू? पुसायला फडकी करू?" तिनं विचारलं.

"मला दे," तो म्हणाला.

म्हणून आता मी रंगाऱ्याचं अंथरूण आहे. भिंत रंगवताना खाली जमिनीवर ठिबकू नये म्हणून पसरतात ते. मी आडवा झालोय, एवढाच फरक. पूर्वी एका घराला दोन बाजूंनी बघायचो, आता अनेक घरांना खालून बघतो. पाठीवर पांढरे, पिवळे, फिकट हिरवे ठिपके आहेत. माझा विटकरी रंग कुठला, ते आता मलाही शोधावं लागतं. नव्यानं लग्न झालेली जोडपी येतात, माझ्यावर पाय देऊन उभी राहतात आणि घ्यावं की भाड्यानंच राहावं यावर तावातावानं बोलतात. त्यांना माझं एकच सांगणं आहे. खिडकीचं माप घ्यायच्या आधी एकमेकांना नीट विचारा, आणि समोरच्याला उत्तर द्यायला वेळ द्या. घराचं काय करायचं ते मग तुमचं तुम्ही ठरवा, त्यात मी पडत नाही.

परवाची गोष्ट. काम संपलं, दोघा-तिघांनी हात धुतले, बादल्या उचलल्या. आपापली अंथरुणं बाकीच्यांनी चोळामोळा करून पोत्यात कोंबली. ह्यानं मला दाराबाहेर नेऊन झटकलं, चारी टोकं जुळवली आणि नीट घडी घालायला लागला.

"अरे, फडक्याची कसली घडी घालतोस?" सोबतचा रंगारी हसून म्हणाला. "चल, बस जाईल."

"जाऊ दे," तो म्हणाला. त्यानं घडीवरून हात फिरवला. "फडकं नाही हे. माझ्या घरातलं आहे."

कुठलं घर, हे सोबतच्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याला सांगता आलं नसतं, कारण मी एकाच घरातला नाही. पण त्यानं ते इतकं सहज म्हटलं की मी त्याच्या काखेत घट्ट मिटून राहिलो.

निघतो आता. उद्या एका रिकाम्या घराचं छत रंगवायचं आहे.